चांगल्या डोळ्याचा फोटो

ईल्स डिसीज हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. मीही ते याच वर्षी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांचा हा एक दुर्मिळ आजार आहे. युरोप-अमेरिकेत तो आता क्वचितच दिसतो, भारतीय उपखंडात मात्र त्यामानाने जास्त आढळतो. आणि तो होतो कुणाला, तर साधारण विशी-तिशीतल्या, एरवी ठणठणीत असलेल्या तरुणांना. त्यातही मुलांना जास्त. म्हणजे हा अंक वाचणाऱ्यांच्याच वयाचा हा आजार. म्हणून वाङ्मय मंडळाच्या मासिकात या वेळी कवितेऐवजी या विषयावर लिहायचं ठरवलं.

दुसरं कारण भाषेचं आहे. आमच्या पॅरिशमधला चोवीस वर्षांचा एक मुलगा उधन्याला एम्ब्रॉयडरी मशीनवर काम करतो. त्यांचं मूळ गाव नवापूरकडचं. घरी मावची, शेजारीपाजारी मराठी, कामावर गुजराती आणि हिंदी, अशा चार भाषा त्याला येतात. डोळ्याचा रिपोर्ट मात्र आला इंग्रजीत. "तू इंग्रजी लिटरेचर शिकतेस ना बेटा, मग वाचून सांग," म्हणत काकूंनी फाइल माझ्या हातात दिली. लिटरेचरचं इंग्रजी वेगळं आणि हे इंग्रजी वेगळं, हे पहिल्या ओळीतच कळलं. मग त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन, डॉक्टरांना विचारून, वाचून एकेक शब्द लावत गेले. त्याच्या परवानगीने, नाव न देता, ते शब्द इथे मांडते.

त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. "रक्त उजव्या डोळ्यात आलंय. डाव्या डोळ्याने मी सुईत दोरा ओवतो. मग डाव्याचे एवढे फोटो कशाला? बिल वाढवायला?" या लेखात मुख्यतः याच प्रश्नाचं उत्तर आहे.

पडदा म्हणजे काय?

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला चिकटलेला एक पातळ थर असतो. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. पुस्तकी मराठीत त्याला दृष्टिपटल म्हणतात, डॉक्टर रेटिना म्हणतात आणि सुरतेत मराठी काय नि गुजराती काय, सगळे 'पडदा' म्हणतात. शब्द चांगला आहे, कारण सिनेमाच्या पडद्यासारखं बाहेरचं चित्र याच थरावर पडतं. फरक एवढाच, की हा पडदा जिवंत आहे. त्याला सतत ऑक्सिजन लागतो आणि तो आणण्यासाठी त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. रेटिना हा शब्दसुद्धा 'जाळं' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, असं मानतात.

पडद्याच्या मधोमध पीतबिंदू असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही बारीक कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. बाकीचा मोठा भाग कडेचं दाखवतो: रस्ता ओलांडताना बाजूने येणारी रिक्षा, खांद्याजवळ उभं असलेलं माणूस. आणि पडद्याच्या पुढची सगळी पोकळी पारदर्शक जेलीने भरलेली असते. ती सुमारे चार मिलिलिटर, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही.

शरीरात रक्तवाहिन्या न कापता, थेट नजरेने बघता येतात अशी जागा म्हणजे हा पडदा. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण प्रसिद्ध केलं, तेव्हापासून डॉक्टर बाहुलीतून आत डोकावू लागले. त्यानंतर तीस वर्षांनी आपला हा आजार नोंदला गेला, तो त्याच उपकरणामुळे.

बर्मिंगहॅमची पाच मुलं

१८८० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे नेत्रतज्ज्ञ हेन्री ईल्स यांनी पाच तरुणांची हकिगत लिहिली. पाचही जणांच्या डोळ्यात पुन्हा पुन्हा रक्तस्राव व्हायचा. त्यांना नाकातून रक्त येण्याचा आणि बद्धकोष्ठतेचा त्रासही होता, म्हणून ईल्स यांनी या गोष्टींचा एकमेकांशी संबंध जोडला. तो संबंध पुढे टिकला नाही, नाव मात्र टिकलं. रक्तवाहिन्यांना येणारी सूज हा या आजाराचा पाया आहे, हे नंतरच्या डॉक्टरांनी दाखवलं.

आज हा आजार साधारण तीन पायऱ्यांत समजावला जातो.

पहिली पायरी सुजेची. पडद्याच्या कडेच्या भागातल्या शिरांना सूज येते. इथे शिरा म्हणजे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या.

दुसरी पायरी उपासमारीची. सुजलेल्या वाहिन्या आणि त्यांना जोडलेल्या केसाहून बारीक केशवाहिन्या बंद पडतात. तेवढ्या भागाला रक्त मिळेनासं होतं.

तिसरी पायरी नव्या वाहिन्यांची. उपाशी भाग रासायनिक संदेश सोडतो की रक्त पाठवा. त्याला उत्तर म्हणून नव्या रक्तवाहिन्या फुटतात. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण या वाहिन्या कच्च्या असतात. वस्तीतली पाण्याची मोठी लाइन बंद पडली की लोक मिळेल तिथून रबरी नळ्या जोडतात, आणि त्या दर चार हातांवर गळतात, तसं काहीसं. त्या पडद्यावरून जेलीत शिरतात आणि एक दिवस फुटतात. पारदर्शक जेलीत रक्त मिसळतं आणि माणसाला डोळ्यापुढे काळे धागे, जाळं किंवा धूर दिसू लागतो.

आता महत्त्वाची गोष्ट. पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. आजार कडेला सुरू होतो आणि पीतबिंदू बहुधा शाबूत असतो, त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. या मुलाला पहिली खूण मिळाली ती तिसऱ्या पायरीवर: सकाळच्या शिफ्टला दोन काळे धागे तरंगताना दिसले, मशीनचे असतील म्हणून त्याने डोळा पुसला, आणि संध्याकाळपर्यंत उजव्या डोळ्यापुढे धूर पसरला.

उजवा डोळा: दिसत नाही तेव्हा ऐकायचं

रिपोर्टच्या पहिल्या पानावर उजव्या डोळ्यापुढे व्हिट्रिअस हेमरेज असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ, जेलीत रक्तस्राव. रुग्णाला जसं बाहेरचं दिसत नाही, तसं डॉक्टरांनाही आतलं दिसत नाही, कारण मध्ये रक्ताचा गढूळपणा असतो. अशा वेळी फोटोचा उपयोग नसतो. मग बी-स्कॅन करतात. ही डोळ्याची सोनोग्राफी. मिटलेल्या पापणीवर जेल लावून वर यंत्र फिरवतात. रक्तातून प्रकाश जात नसला तरी ध्वनिलहरी जातात आणि आदळून परत येतात.

बी-स्कॅनला विचारायचा मुख्य प्रश्न एकच असतो: पडदा जागेवर आहे की सुटलाय? कच्च्या वाहिन्यांबरोबर चिवट धाग्यांसारखी ऊतीही वाढते आणि ती पडद्याला ओढू शकते. त्याच्या रिपोर्टमध्ये रेटिना अटॅच्ड असं होतं. काकूंना मी आधी तेवढंच वाचून दाखवलं, की पडदा जागेवर आहे.

डावा डोळा: रंगीत फोटो

डाव्या डोळ्याची नजर ६/६ होती, म्हणजे पूर्ण. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आधी रंगीत फोटो काढले. नारिंगी पडद्यावर लाल फांद्या पसरल्यासारखं ते चित्र दिसतं. मधला भाग स्वच्छ होता. कडेला मात्र दोन-तीन शिरांच्या बाजूने पांढुरकी किनार होती. रिपोर्टमधला शब्द शीदिंग. इंग्रजीत शीद म्हणजे तलवारीचं म्यान, आणि नेमकं तसंच दिसतं: लाल शीर पांढऱ्या म्यानात घातल्यासारखी. सुजेमुळे शिरेभोवती पेशी जमल्याची ती खूण आहे.

साधा फोटो एका वेळी पडद्याचा ३० ते ५० अंशांचा भाग टिपतो, म्हणजे मधला भाग आणि थोडी आजूबाजू. ईल्सचा आजार तर कडेला सुरू होतो. म्हणून रुग्णाला वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा असं सांगत अनेक फोटो काढून जोडावे लागतात. आता वाइड-फील्ड कॅमेरे आले आहेत, त्यांतले काही एका फोटोत सुमारे २०० अंशांपर्यंत टिपतात. "एवढे फोटो" का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. मधला एकच फोटो काढला असता तर डावा डोळा अगदी निरोगी ठरला असता.

नदीत सोडलेला रंग

रंगीत फोटोत वाहिन्या दिसतात, पण त्यांतून रक्त खरंच वाहतंय का, ते कळत नाही. त्यासाठी फ्लोरेसिन अँजिओग्राफी करतात. हाताच्या शिरेत फ्लोरेसिन नावाचा रंग टोचतात. दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यापर्यंत पोहोचतो. त्या क्षणापासून कॅमेरा निळा प्रकाश टाकत भराभर फोटो घेतो. निळा प्रकाश पडला की हा रंग पिवळसर हिरवा चमकतो. काळ्यापांढऱ्या फोटोत जिथे रंग पोहोचला तिथे पांढरं आणि जिथे पोहोचला नाही तिथे काळं दिसतं.

या रंगाची गोष्ट सुरतेत राहणाऱ्यांना आवडेल. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी तो पहिल्यांदा तयार केला. याच बायर यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम नीळ बनवण्याची वाट शोधली आणि १९०५ चं नोबेल मिळवलं. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातून जहाजं भरून जी नीळ युरोपात जायची, तिची पुढे बाजारातून पीछेहाट झाली ती कृत्रिम निळीमुळे. कापडाच्या रंगांवर काम करणाऱ्या माणसाचा एक रंग असा डोळ्यांच्या दवाखान्यात पोहोचला.

त्याआधी तो नदीत पोहोचला होता. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी जमिनीत गडप होतं. ते जातं कुठे, हे शोधायला १८७७ मध्ये तिथे १० किलो फ्लोरेसिन सोडलं. सुमारे ६० तासांनी बारा किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. पाण्याचा छुपा मार्ग सापडला. अँजिओग्राफीत हीच युक्ती रक्तावर वापरतात.

माणसाच्या डोळ्यावर ही तपासणी यशस्वी करून दाखवली ती अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या हॅरल्ड नोवॉटनी आणि डेव्हिड अल्विस यांनी. दोघेही तेव्हा विद्यार्थी होते. रंग पहिल्यांदा टोचून घेतला तो अल्विसने स्वतःला. त्यांचा लेख डोळ्यांच्या नियतकालिकात नाकारला गेला आणि १९६१ मध्ये रक्ताभिसरणाच्या एका नियतकालिकात छापून आला. आज जगभर ही तपासणी रोजची झाली आहे.

रुग्णाच्या बाजूने सांगायचं तर रंग टोचल्यावर काहींना थोडा वेळ मळमळतं. त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवी दिवसभर गडद पिवळी होते. कावीळ झाली म्हणून घाबरू नये. फार क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून आधी कशाची ॲलर्जी असेल तर ती सांगायलाच हवी. बाहुली मोठी केल्याने काही तास जवळचं धूसर दिसतं. त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका, बरोबर कुणीतरी न्या.

आणि बिलाचा संशय असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सुई एकदाच टोचतात. रंग सगळ्या रक्तात मिसळतो, त्यामुळे त्याच एका इंजेक्शनवर दोन्ही डोळ्यांचे फोटो घेता येतात.

काळे डाग आणि पांढरे ढग

डाव्या डोळ्याच्या अँजिओग्राफीत तीन गोष्टी होत्या. मी त्या त्याला स्क्रीनवर दाखवल्या.

पहिली, लीकेज. निरोगी वाहिनीची कड फोटोत रेघेसारखी स्पष्ट असते. सुजलेल्या शिरेच्या भिंतीतून रंग झिरपतो, त्यामुळे तिची कड पसरलेली दिसते, पातळ कागदावर शाई फुटावी तशी.

दुसरी, कॅपिलरी नॉन-परफ्युजन. अर्थ असा, की केशवाहिन्यांत रक्त पोहोचत नाही. फोटोच्या कडेला राखाडी पार्श्वभूमीवर काळे पट्टे होते. तिथपर्यंत रंग गेलाच नव्हता. हीच ती उपासमार. रंगीत फोटोत ती जागा जवळजवळ नेहमीसारखी दिसत होती.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची, नव्या वाहिन्या. काळा भाग संपतो आणि जिवंत भाग सुरू होतो, त्या सीमेवर एक छोटा गुच्छ होता. सुरुवातीच्या फोटोत तो पंख्यासारखा दिसला आणि शेवटच्या फोटोत पांढरा ढग झाला, कारण कच्च्या भिंतींतून रंग भसाभस बाहेर पडत होता. समुद्रात सी-फॅन नावाचं पंख्यासारखं प्रवाळ असतं, त्याच्यावरून डॉक्टर अशा गुच्छाला सी-फॅन म्हणतात.

म्हणजे त्याचा 'चांगला' डोळा तिसऱ्या पायरीवर येऊन उभा होता. फक्त अजून फुटला नव्हता. सुईत दोरा ओवता येत होता कारण पीतबिंदू ठीक होता, आणि कडेचं थोडं कमी दिसत असलं तर दुसरा डोळा आणि मेंदू मिळून ते भरून काढतात. ईल्स डिसीज बहुतेक रुग्णांत कधी ना कधी दोन्ही डोळ्यांत दिसतो. एका डोळ्यात जोरात, दुसऱ्यात चोरपावलांनी. त्याच्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर. उजव्या डोळ्याचं नुकसान होऊन गेलं होतं आणि आता फक्त निस्तरायचं होतं. डाव्याचं टाळता येणार होतं, आणि ते त्या फोटोंमुळेच कळलं.

आमच्याकडे चर्चमध्ये संत लुसीचं चित्र आहे. १३ डिसेंबरला तिचा सण असतो. ती डोळ्यांची रक्षणकर्ती मानली जाते आणि तिच्या हातातल्या तबकात दोन डोळे असतात. काकू त्या चित्रापुढे उजव्या डोळ्यासाठी मेणबत्ती लावायच्या. त्या दिवसापासून दोन लावतात.

आणखी दोन तपासण्या

फाइलमध्ये ओसीटीचाही कागद होता. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तंत्र जगापुढे आणलं. यात प्रकाशाच्या मदतीने पडद्याचा उभा छेद दिसतो, केकचा तुकडा कापल्यावर थर दिसतात तसा. सुई नाही, स्पर्श नाही. पीतबिंदूला सूज आहे का, वर पातळ साय धरली आहे का, हे त्यात कळतं. याच यंत्राचा पुढचा प्रकार ओसीटी अँजिओग्राफी. ती एकाच जागेची पुन्हा पुन्हा प्रतिमा घेते आणि जे बदलतंय ते वाहतं रक्त, असं धरून वाहिन्यांचा नकाशा काढते. रंग टोचावा लागत नाही. पण गळती तिला दिसत नाही, आणि कडेचा भाग टिपणं तिला अजून अवघड जातं. म्हणून ईल्ससाठी जुनी अँजिओग्राफी अजून कामाची आहे.

फोटो पुरेसा का नाही?

मला वाटलं होतं फोटो बघितले की आजाराचं नाव ठरलं. तसं होत नाही. म्यानासारख्या शिरा, काळे पट्टे आणि सी-फॅन हे सगळं इतर आजारांतही दिसू शकतं. म्हणून ईल्स हे नाव बाकीचे आजार वगळल्यावरच देतात. मधुमेह, शीर तुंबणं, सार्कॉइड असे बरेच आजार त्या यादीत आहेत. आपल्या भागात त्यातले दोन विशेष बघावे लागतात.

एक सिकलसेल. यात रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. दक्षिण गुजरातच्या डांग, तापी, वलसाड भागांतल्या आणि आपल्या नंदुरबार, धुळ्याच्या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. सी-फॅन तर सिकलसेलच्या पडद्याची ओळखीची खूण आहे. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिच्यात याची रक्ततपासणी केली जाते. या मुलाचं गाव ऐकून डॉक्टरांनी ही तपासणी लगेच सांगितली. ती निगेटिव्ह आली.

दुसरा टीबी. ईल्स आणि टीबी यांचं नातं जुनं आणि गुंतागुंतीचं आहे. ईल्सच्या अनेक रुग्णांत टीबीची त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह येते, पण फुप्फुसात टीबी नसतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये, ईल्सच्या रुग्णांच्या डोळ्यातल्या जेलीत टीबीच्या जंतूचा डीएनए शोधण्याचं काम प्रसिद्ध केलं. काही नमुन्यांत तो सापडला. जंतूच्या अंशाविरुद्ध शरीराने दिलेली अतितीव्र प्रतिक्रिया हे सुजेचं एक कारण असावं, असं अनेक तज्ज्ञ मानतात. वाद अजून मिटलेला नाही.

टीबी हा शब्द ऐकून काकूंचा चेहरा उतरला. शेजारी काय म्हणतील, ताट वेगळं करावं का, लग्नाचं काय, असे प्रश्न सुरू झाले. म्हणून हे स्पष्ट लिहिते: ईल्स डिसीज एकाकडून दुसऱ्याला होत नाही. छातीचा एक्स-रे आणि चाचण्या सांगतात त्या टीबी कुठे लपला आहे का, हे बघायला. औषधं द्यायची की नाही, ते डॉक्टर त्यावरून ठरवतात.

उपचार

सूज असेल तर स्टेरॉइड देतात. उपाशी भाग आणि नव्या वाहिन्या असतील तर लेझर. लेझरने उपाशी भागावर बारीक बारीक डाग देतात, म्हणजे तो भाग रक्ताची मागणी करणं थांबवतो आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. कडेची थोडी नजर जाते, मधली वाचते. सौदा तसा वाईट नाही. जेलीतलं रक्त बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप निवळतं. तोपर्यंत डोकं उंच ठेवून झोपायला सांगतात. निवळलं नाही किंवा पडदा ओढला जात असेल तर जेली काढण्याची शस्त्रक्रिया करतात.

त्याच्या डाव्या डोळ्याला लेझर झालं. उजव्यातलं रक्त हळूहळू निवळतंय.

एक गैरसमजही दूर करायला हवा. "नाहीच झालं तर नेत्रदानातला डोळा बसवतात ना?" असं मला तिघांनी विचारलं. नेत्रदानातून रोपण होतं ते पारपटलाचं, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक काचेचं. पडदा बदलता येत नाही. चष्म्याच्या नंबरानेही पडद्याचा आजार सुधारत नाही. पडदा आहे तोच सांभाळावा लागतो.

आपण काय करायचं?

उजेडात एखादा धागा किंवा ठिपका तरंगताना दिसणं बहुतेकांना होतं आणि सहसा ते निरुपद्रवी असतं. पण अचानक खूप ठिपके दिसले, धूर पसरला, विजेसारखे चमकारे दिसले किंवा एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून थेंब आणून आठवडा घालवू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका, हा आजार दुखत नाहीच.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करून कडेपर्यंत बघितलं का, आणि दोन्ही डोळ्यांत बघितलं का, हे विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

आणि आपल्यापैकी ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी घरातल्या, वस्तीतल्या लोकांचे रिपोर्ट वाचून द्यावेत, न कळलेला शब्द डॉक्टरांना विचारून घ्यावा. त्या फाइलमध्ये डाव्या डोळ्याबद्दलच्या सगळ्या ओळी दुसऱ्या पानावर होत्या. पहिलं पान वाचून फाइल बंद केली असती, तर लेझरची तारीख कुणी घेतलीच नसती.